हत्तींसाठी मोकळ्या सोडलेल्या वाटा

प्रिय याकूबभाई,

काल मंडळाच्या कार्यक्रमात तुमच्या नावाचा करंडक दिला गेला. सोनेरी, चकचकीत, वर पंख पसरलेली कुठलीशी परी आणि खाली काळ्या पट्टीवर तुमचं नाव. तो बघून घरी आले तेव्हापासून मला कुणाशी तरी कडाडून भांडायचं आहे. आज शुक्रवार. आखातातल्या या अख्ख्या अल खौदमध्ये भांडायला तुमच्याइतका चांगला माणूस मला कधी मिळाला नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला उलट उत्तर देता येणार नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे. जिवंतपणी कधी घेऊ दिलात?

तुम्ही गेलात त्या दिवशी दफनाला बायका जात नाहीत म्हणून मी सईदाभाभींजवळ बसून राहिले. माईक दिसला की उठणारी बाई मी. त्या दिवशी माझ्या तोंडून एक धड वाक्य निघालं नाही. भाभी माझा हात धरून बसल्या होत्या आणि माझ्या पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता. मंडळाचा ग्रुप. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, फुलं वाहिलेली. आपले सचिव नितीनराव यांनी लिहिलं होतं, ‘मंडळाचा आधारवड कोसळला.’

आधारवड! याच माणसानं वर्षभर आधी त्या वडाला कुंडीत लावून कोपऱ्यात ठेवलं होतं. तेव्हा पाणी घालायला कोण आलं होतं?

आपली पहिली भेट आठवते? बेसिनचा गळका नळ घेऊन मी तुमच्या टाइल्सच्या दुकानात आले होते. मी फोनवर कुणाशी तरी बोलत होते, ते ऐकून तुम्ही गल्ल्यामागून विचारलंत, “बाय, गाव कुठला?”

“कराड.”

“म्हणजे घाटावरची. म्हणून आवाज एवढा.”

“आणि तुम्ही?”

“दाभोळच्या खाडीवरचा. आडनावच नाखवा. आमच्या घरात चालायच्या आधी पोहतात.”

तुमच्यासमोर रोमच्या युद्धांवरचं एक जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं. मी म्हटलं, “अरे वा, रोम! माझा आवडता विषय.” तुम्ही असं काही बघितलंत माझ्याकडे, जणू मी तुमच्या दुकानात येऊन शेजारच्या दुकानाचा पत्ता विचारला होता! “रोम नाही,” तुम्ही म्हणालात, “कार्थेज. दर्यावर्दी माणूस रोमच्या बाजूला कसा जाईल गो?”

झालं. भूमध्य समुद्राच्या दोन काठांवरची ती दोन शहरं, शंभर वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या नरडीला लागलेली, आणि त्यांचं भांडण आपण दोघांनी बेसिन आणि कमोडच्या मधोमध उभं राहून पुन्हा सुरू केलं. बाहेर गाडीत माझा नवरा हॉर्न वाजवत होता. नळ तसाच राहिला.

“तुझ्या रोमन लोकांना बोट चालवायची अक्कल नव्हती,” तुम्ही म्हणालात. “म्हणून जहाजाच्या नाकाडावर पूल लावला. पुलाच्या टोकाला लोखंडी चोच. ती शत्रूच्या जहाजात ठोकायची आणि पायदळ आत सोडायचं. ही काय दर्यातली लढाई? ही तर पाण्यावर मांडलेली जमीन!”

“जिंकले ना पण?”

“जिंकले. मग वादळात गेले तळाला. त्या पुलाच्या वजनानं जहाज डोलायला लागलं असणार.”

“त्यावर एकमत नाही.”

“तुझं नसेल. माझ्या आजाला विचारलं असतंस तर त्यानं एका मिनिटात सांगितलं असतं. नाकाडावर ओझं ठेवून कोण दर्यात जातं?”

तुमचा तो आजोबा! मेलेल्या माणसाला साक्षीदार करून तुम्ही किती वाद जिंकलात, याकूबभाई. त्याला उलटतपासणीला बोलावता येत नव्हतं ना.

मग शुक्रवार सुरू झाले. दुकान जुम्याच्या नमाजानंतर उघडायचं, त्याआधीची सकाळ आपली. माझी तीन-चार मुलं, म्हणजे शेजारपाजारची, हळूहळू दहा-बारा झाली. इथल्या सुलतानानं आठवड्याची सुट्टी गुरुवारवरून शनिवारवर नेली तेव्हा सगळ्यांची वेळापत्रकं कोलमडली, आपली तेवढी शाबूत राहिली. शुक्रवार कुणीच हलवला नव्हता.

काय शाळा होती ती! शोरूमच्या फरशीवर तुम्ही नमुन्याच्या टाइल्स मांडायचात. एक टाइल म्हणजे रोमन सैन्याची एक तुकडी. पुढच्या रांगेत पांढऱ्या, तरण्या पोरांच्या. मग करड्या, मुरलेल्या सैनिकांच्या. मागे काळ्या, म्हाताऱ्या कसलेल्यांच्या. पटावरच्या घरांसारख्या, एकीच्या मागे दुसरीची फट. पुढचे दमले की फटींतून मागे यायचे आणि ताज्या दमाचे पुढे जायचे. एवढं शिकवताना मात्र तुमचा चेहरा कडू व्हायचा. “हे मानावं लागतं,” तुम्ही म्हणायचात. “दमलेल्या माणसाला मागे यायला वाट ठेवली, हे त्यांचं खरं शहाणपण.”

आणि कॅनीची लढाई? ती मांडायला तुम्हाला केवढी उकळी फुटायची! कार्थेजच्या हॅनिबलनं फळीचा मध्य फुगवून पुढे ठेवला, सगळ्यात कच्ची माणसं तिथे उभी केली, आणि लढाई जुंपल्यावर त्यांना हळूहळू मागे घेतलं. रोमन खूश. शत्रू हटतोय! ते आत, आणखी आत. मग दोन्ही बाजूंनी कसलेलं पायदळ वळलं, पाठीमागून घोडदळ आलं, आणि तलवार उगारायलाही जागा उरली नाही. तुम्ही टाइल्स एकमेकींना इतक्या घट्ट भिडवायचात की एकदा एक मोडली. “बघा,” तुम्ही पोरांना म्हणालात, “समोरचा हटला म्हणून लगेच टाळी वाजवायची नाही.”

हत्ती म्हणून खजूर होते. एकदा तुमचा अर्बाब सलीम अचानक आला. दुकानाचा परवाना त्याच्या नावाचा, तो केव्हाही येणार. फरशीभर टाइल्स, पालथी पडलेली पोरं, आणि मध्ये तुम्ही गुडघ्यांवर. आम्हाला वाटलं, खलास. त्यानं विचारलं, हे काय? तुम्ही अरबीत सांगितलंत, लढाई, रोम आणि कार्थेज. कार्थेज म्हटल्यावर तो एकदम खाली बसला. “ट्युनिसजवळचं ना? ते तर आमचे, अरब!” आणि तुमच्या सैन्यात सामील होऊन त्यानं गप्पांच्या नादात तुमचे हत्ती एकेक करून खाऊन टाकले. मी टाळ्या वाजवत होते. “अर्बाबनं कार्थेज संपवलं!” तुम्ही म्हणालात, “रोमनं कधी जिंकलंय सरळ? नेहमी असंच, आतल्या माणसाकडून.”

आणि मग तुमचा तो नियम. त्याच्यापायीच हे सगळं रामायण.

मंडळाची वक्तृत्व स्पर्धा तुम्ही सुरू केलीत तेव्हा ती चाळीसेक कुटुंबांची घरगुती गोष्ट होती. कागद हातात नाही. भाषा मराठी, अडखळली तरी चालेल. आणि चिठ्ठी. प्रत्येक पोरानं डब्यातून चिठ्ठी उचलायची, तिच्यावर एका लढाईचं, खटल्याचं नाहीतर भांडणाचं नाव, आणि त्यात जो हरला त्याच्या बाजूनं उभं राहून बोलायचं. विचार करायला दहा मिनिटं. आईबापांना हॉलबाहेर चहा.

किती पालक चिडले! एक बाबा माझ्यासमोर तुम्हाला म्हणाले होते, “पोराला हरणाऱ्याच्या बाजूनं कशाला बोलायला लावता हो? निगेटिव्ह होतील.” तुम्ही हसलात. “जिंकणाऱ्याच्या बाजूनं बोलायला त्याला अख्खं जग शिकवणार आहे,” तुम्ही म्हणालात. “माझ्याकडे फक्त शुक्रवार आहे.”

मी आयुष्यभर व्यासपीठांवर बोलत आले. दोन्ही हातांनी टेबल आपटून बोलत आले. पण सांगते, वक्तृत्वाबद्दल याहून खरं मी काही ऐकलेलं नाही. ज्याला पराभूताच्या तोंडून बोलता येत नाही त्याचं बोलणं म्हणजे फक्त घोषणा. मी स्वतः घोषणा देणारी आहे, मला फरक कळतो.

आपली ईरा आठवते ना? बारा वर्षांची, मराठी अशी की प्रत्येक वाक्य अर्ध्यात इंग्रजीला शरण जायचं. तिला चिठ्ठी आली हॅनिबलची. ती उभी राहिली, स्कर्टची घडी चुरगाळत. “मी हॅनिबल आहे,” म्हणाली. “मी हरलो. पण तुम्ही माझ्याबद्दल जे वाचता ना, ते सगळं माझ्या... माझ्या एनिमीजनी लिहिलंय. माझं शहर जाळलं. आमची पुस्तकं पण गेली. मग तुम्हाला कसं माहीत, मी कसा होतो?” आणि पुढे काही सुचेना म्हणून ती खाली बसली. तुम्ही चष्मा काढून पुसत होतात. घाम आला म्हणालात नंतर. एसी एवढा गार होता की मी पदर लपेटून बसले होते!

मग तेलाचे भाव पडले. कंपन्यांनी माणसं कमी केली, दर महिन्याला कुणाचं तरी सामान पॅक होऊ लागलं, मंडळाची कुटुंबं निम्मी झाली. नवी समिती आली, आणि समितीबरोबर एक प्रायोजक. कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये झाला पाहिजे, मागे त्याचा फलक पाहिजे, आणि सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीही चाललं पाहिजे. विषय सोपे हवेत. ‘पाणी वाचवा’, ‘माझी आई’. पालक लिहून देतील, मुलं पाठ करतील, सगळ्यांचे फोटो छान येतील.

आणि तुमचं काय करायचं?

एका सभासदानं मला तेव्हा बाजूला घेऊन फार मऊ आवाजात सांगितलं होतं, “ताई, समजून घ्या. शेवटी मंडळ मराठी आहे.” मी म्हटलं, “आणि याकूबभाई कोण? फिनिशियन?” कार्थेज वसवणारे ते फिनिशियन, हे त्याला कळलं नाही. त्याला दुसरंही काही कळलं नसणार. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण आता तुम्ही त्या माणसाला हसून माफ करू शकत नाही.

तुमच्याशी भांडले असते तर तुम्ही त्यांना फाडून खाल्लं असतं. ते नितीनरावांना ठाऊक होतं. माणूस मूर्ख नाही. त्यानं भांडण केलंच नाही. मी उन्हाळ्यात कराडला गेले होते, आणि तिथे, आईच्या ओसरीवर, मला ग्रुपवर फोटो दिसला. तुम्ही व्यासपीठावर, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ, मान खाली, चेहरा लाजलेला. ‘याकूबभाई नाखवा यांची आजीव सल्लागारपदी सन्मानपूर्वक निवड.’

मी तिथूनच फोन लावला. आठवतं काय बोललात?

“अगो बाय, मान दिला लोकांनी. मला माहीत पण नव्हतं. सईदाला पण बोलावून पुढे बसवलं.”

“स्पर्धेचे विषय कोण काढणार?”

“नवीन पोरं आहेत ना. सल्ला घेतील.”

“चिठ्ठ्या?”

“तू पण ना! सुट्टीवर गेलीस, आंबे खा.”

याकूबभाई, झामाची लढाई तुम्हीच मांडायचात ना हो? किती शुक्रवार? कार्थेजचे हत्ती चालून येताहेत. रोमन सेनापती काय करतो? नेहमीसारख्या पटावरच्या फटी ठेवत नाही. तुकड्या सरळ एकामागे एक उभ्या करतो, मध्ये लांबच लांब मोकळ्या वाटा. हत्ती आले की कर्णे वाजतात, काही हत्ती बिथरून आपल्याच माणसांवर उलटतात, आणि उरलेले त्या वाटांतून धावत जातात, सरळ, सैन्याच्या पार मागे, बाहेर. कुणी त्यांना अडवत नाही. अडवायची गरजच नसते! पोरं हसायची. खजूर हातात धरून ईरा तो टाइल्समधून सरकवत न्यायची आणि म्हणायची, “दे जस्ट लेट हिम गो!” तुम्ही तिला मराठीत म्हणायला लावायचात.

तीच वाट तुमच्यासमोर सोडली होती. बाजूला फुलं लावली होती, कर्ण्यांऐवजी टाळ्या होत्या. आपल्या लोकांची ही जुनी रीत. ज्याला काढायचं त्याचा सत्कार करायचा. शाल पांघरली की माणूस निवृत्त, नारळ हातात दिला की हात अडकले. असे किती सत्कार आपण दोघांनी पाठीमागच्या खुर्च्यांवर बसून हसत बघितले होते! तुम्हाला स्वतःचा ओळखता आला नाही?

या एका गोष्टीचा माझा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही.

परत आल्यावर मी तडक दुकानात आले. तोवर तुम्हाला कळून चुकलं होतं. तुम्ही विषय सुचवायला फोन केला होता, त्यांनी म्हटलं होतं, ‘सर, तुम्ही दगदग करू नका.’ परीक्षकांचं विचारलंत, ‘सर, ते झालं.’ तुम्ही यायला तयार होतात, ‘सर, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची आहेच.’ कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. मी तणतणले. पत्रक काढू, वेगळं मंडळ काढू, सभा बोलावू. तुम्ही एक टाइल हातात घेऊन तिची कड अंगठ्यानं घासत बसला होतात.

“हत्तीचा दोष काय गो?” तुम्ही म्हणालात. “त्याला समोर मोकळी वाट दिसली. तो धावत सुटला. त्याला वाटतं, आपण जिंकतोय.”

मला तुमच्या जिभेवर माझ्यापेक्षा धारदार शिव्या हव्या होत्या, आणि तुम्ही मला हे ऐकवलंत!

तुम्ही त्या अपमानानं गेलात, असं मी म्हणणार नाही. तसं बोलणं स्वस्त आहे, व्यासपीठावर शोभतं. तुमची शुगर, तुमची सिगारेटची पाकिटं, भाभींपासून लपवून खाल्लेला हलवा, हे सगळं मला माहीत आहे. छातीत दुखायला लागल्यावर गॅस म्हणून सोडा पीत बसलात. कोणाला फोन नाही. एवढा मोठा रणनीतीचा अभ्यासक! पण एवढं म्हणेन, की त्या शेवटच्या वर्षात शुक्रवारी पोरं आली तर तुम्ही बिस्किटं द्यायचात आणि टाइल्स काढायचा नाहीत. तेवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दोन महिन्यांपूर्वी नितीनराव समितीतली दोन माणसं घेऊन भाभींकडे आले. भाभींनी मलाही बोलावून घेतलं. चहा झाला. “सरांच्या नावानं करंडक ठेवायचं ठरवलंय,” ते म्हणाले. “आणि ताई, मुख्य भाषण तुम्हीच करायचं. तुमच्याशिवाय कोण?”

मी म्हटलं, “स्पर्धा त्यांच्या नियमानं होणार?”

“ताई, स्वरूप आता थोडं बदललंय.”

“मग त्यांचं नाव कशाला?”

“सरांची स्मृती...”

“नितीनराव, त्यांची स्मृती त्या चिठ्ठ्यांच्या डब्यात आहे. डबा घ्या. मी भाषण करते, सतरंज्या घालते, खुर्च्या पुसते.”

तो हसला हो! रागावला नाही. “ताई, तुमची तळमळ कळते. आम्हाला तुमचाही सत्कार करायचाच आहे यंदा.”

माझ्यासमोर वाट मोकळी झाली, अगदी रुंद, दोन्ही बाजूंना माणसं नम्रपणे उभी. या वेळी मी ती ओळखली. म्हटलं, “मला शाल नको. माझ्याकडे कराडची घोंगडी आहे.”

मी नावही काढून घ्यायला लावणार होते. शब्द ओठांवर होते. रोमला ज्यानं पळता भुई थोडी केली, त्या हॅनिबलचे पुतळे पुढे रोमच्या भिंतींच्या आत उभे होते असं एका रोमन लेखकानंच लिहून ठेवलंय. शहर जाळून झाल्यावर! कार्थेजच्या ग्रंथांतला शेतीवरचा तेवढा एक त्यांनी भाषांतर करून घेतला, कारण तो उपयोगी होता आणि कुणाला दुखवत नव्हता. बाकीची पुस्तकं इकडेतिकडे वाटून टाकली. हे सगळं मी त्यांच्या तोंडावर फेकणार होते. तेवढ्यात भाभी बोलल्या.

“कुंदाबाय, राहू दे. नाव तरी राहील ना गो त्यांचा.”

मी भाभींकडे पाहिलं. दोन-तीन महिन्यांत त्यांचा व्हिसा संपणार होता. दुकान सलीमनं दुसऱ्याला चालवायला दिलं, तुमची पाटी उतरली. इथे तुमचं आणखी कुठे काय लिहिलेलं राहणार होतं? त्या दाभोळला जाऊन शेजारणींना फोनवरचा फोटो दाखवतील, बघा, परदेशात ह्यांच्या नावाचं बक्षीस आहे. त्यांच्या हातून मी तेवढं ओढून घ्यायचं? तत्त्वासाठी?

मी गिळलं, याकूबभाई. आयुष्यात मी फार थोड्या वेळा तोंड मिटलंय. ही त्यातली एक, आणि ती मला अजून घशात टोचते आहे. भाषण करणार नाही एवढंच म्हटलं. काल पाचव्या रांगेत बसले.

मुलं आली, बोलली, गेली. पाणी वाचवा. झाडे लावा. ‘आय ॲम प्राउड ऑफ माय मराठी कल्चर’. शेवटी निकाल. पहिली आली ईरा.

हो, तुमची ईरा. ‘माझी आई’ या विषयावर, आईनंच लिहून दिलेलं भाषण, एकही शब्द न चुकता. मराठी आता किती सफाईदार झालीय तिची! करंडक घेताना तिला माईक दिला तेव्हा ती म्हणाली, “मी याकूब सरांना वंदन करते.” पाठ केलेलं होतं तेही. टाळ्या पडल्या. भाभींनी डोळे पुसले. मी उठून बाहेर गेले.

पार्किंगमध्ये उभी होते तर ती मागून धावत आली, करंडक काखेत धरून.

“मावशी, तू उठून का गेलीस? रागावलीस?”

“छान बोललीस.”

“खोटं नको ना बोलू. इट वॉज सो बोरिंग. मलाच बोर होत होतं.” मग एकदम आवाज खाली गेला. “सर असते तर मला झापलं असतं ना?”

“असतं.”

“काय म्हणाले असते?”

मी विचार केला. “म्हणाले असते, आईच्या बाजूनं काय बोलतेस, ती जिंकलेलीच आहे. जिच्याशी आईचं भांडण झालं त्या शेजारणीच्या बाजूनं बोल.”

ती इतकी हसली की करंडकावरची परी हलायला लागली. मग रडली. मग म्हणाली, “सरांच्या त्या चिठ्ठ्या... आता कोणीच नाही का करणार?”

आईनं हाक मारली, ती गेली. मी गाडीत बसून राहिले. ज्या प्रश्नाचं उत्तर नितीनरावांच्या समितीला देता आलं नाही, तो एका पोरीनं मला पार्किंगमध्ये विचारला होता, आणि इतके महिने मी फक्त संतापत बसले होते.

म्हणून आता वचन देते, आणि तुम्हाला माहीत आहे, मी शब्द फार देते पण फुकट देत नाही. पुढच्या शुक्रवारपासून, सकाळी, माझ्या हॉलमध्ये. सोफा भिंतीला लावीन. येतील तेवढी पोरं, दोन आली तरी दोन. कागद नाही, आईबाप नाहीत, बक्षीस नाही, फोटो नाही. चिठ्ठी उचलायची आणि हरलेल्याच्या बाजूनं उभं राहायचं. अडखळलं तर अडखळू दे.

आणि त्याला मी तुमचं नाव देणार नाही. कधीच नाही. फलक नाही, तसबीर नाही, सुरुवातीला वंदन नाही. तुमचं नाव त्यांनी घेतलं, त्यांच्याकडेच राहू दे, भाभींना ते तिथे हवं आहे. तुमचं भांडण मात्र मी घरी घेऊन आले आहे. त्याच्यावर शाल घालायला कुणी आलं, तर मी दार उघडणार नाही.

तुमची,
कुंदा